कड्या, देव आणि कमोड

कमोड बसवायचा, हे मी एका रविवारी पोह्यांच्या दुसऱ्या बशीनंतर ठरवलं. (माझे बहुतेक थोर निर्णय दुसऱ्या बशीनंतरचेच असतात. पहिल्या बशीपर्यंत माणूस निदान विचार तरी करत असतो.)

साल एक्क्याण्णव. नाशकात सिंहस्थ तोंडावर आला होता. गुरू बारा वर्षांनी सिंह राशीत येतो आणि त्याच्या मागोमाग नातेवाईक आपल्या घरी येतात, हे नाशिककराला पंचांग उघडून सांगावं लागत नाही. ज्यांना आपण लग्नाची पत्रिकासुद्धा पाठवली नव्हती, ते लोक एकाएकी “अरे, आपला सुनील पंचवटीतच असतो ना?” असं म्हणायला लागतात. आमच्याकडेही येणाऱ्यांची रीघ लागणार होती. येणार नव्हतं ते एकच माणूस, आणि तेच यावं म्हणून आमची ही, आशा, झुरत होती. आशाची आई.

सासूबाई, म्हणजे भागीबाई, देवळा गावच्या. घरचा कांदा, घरची गुरं, सगळा कारभार त्यांच्या हातात. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बाई आमच्या घरी एक रात्र म्हणून राहिल्या नव्हत्या. सकाळच्या एसटीनं यायच्या, कांद्याची पिशवी दारात ठेवायच्या, लेकीच्या गालावरून हात फिरवायच्या, जेवण झालं की पदर सावरून निघायच्या. राहा म्हटलं की ठरलेलं उत्तर, “नको गं बाई, गुडघे धरत्यात.”

“सगळ्या जगाच्या आया सिंहस्थाला लेकीकडे येतील,” त्या रविवारी आशा म्हणाली, “आणि माझी आई तिकडे कांदे निवडत बसेल. मला तिला एकदा स्वतःच्या हातानं गरम पाणी काढून द्यायचंय हो. एकदा तिला रामकुंडावर न्यायचंय. फार काय मागतेय का मी?”

हे बोलताना तिचे डोळे भरून आले. आता बायको रडली की मला काहीतरी केल्याशिवाय राहवत नाही. (ते काहीतरी केलं की ती परत रडते, हा भाग वेगळा.) मी बशी खाली ठेवली आणि प्रश्नाच्या मुळाशी गेलो.

“आशा, गुडघे कशाला लागतात?”

“म्हणजे?”

“जिन्याला कठडा आहे. झोपायला आपण कॉट देऊ. मग गुडघ्याची अडचण येते कुठे? सकाळी! उकिडवं बसताना! बिचाऱ्या जावयाला कशा सांगणार? म्हणून राहत नाहीत. आपण वरच्या संडासात कमोड बसवू. खुर्चीवर बसल्यासारखं बसायचं, गुडघ्याला त्रास नाही.”

आशा माझ्याकडे बघतच राहिली. त्या नजरेत इतकं कौतुक मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं. “अहो, खरंच? आईसाठी?” असं म्हणून तिनं मला पोह्यांची तिसरी बशी दिली. झालं! आता माघार नव्हती. (सासूबाई दिवसदिवसभर शेतात उकिडव्या बसून खुरपणी करतात, हे त्या वेळी आम्हा दोघांपैकी एकालाही आठवलं नाही. प्रेमात माणूस आंधळा होतो म्हणतात ते हेच असावं.)

आमचं घर दुमजली. वडिलांनी घेतलेलं, चांगलं ठणठणीत. खाली दादा आणि विमलावहिनी, वर आम्ही. फक्त आमचा मजला सिमेंटचा नाही, कडीपाटाचा. म्हणजे भिंतीपासून भिंतीपर्यंत सागवानी कड्या टाकलेल्या, कड्यांवर फळ्या, फळ्यांवर चुनामाती आणि वर शहाबादी फरशी. आपण वर चाललो की कड्या खाली वहिनींना बातमी देतात. दूध उतू गेल्यावर मी किती वेगानं पळालो, हे वहिनींना आशाच्या आधी कळतं.

मी सोमा प्लंबरला बोलावलं. सोमाच्या तोंडी दोनच शब्द, ‘होऊन जाईल’. भूकंप थांबवायचाय म्हटलं तरी तो दोऱ्याचं बंडल काढून “होऊन जाईल” म्हणेल.

“भाऊ, जुनं भांडं काढायचं, तिथंच कमोड ठेवायचा. संपलं. होऊन जाईल.”

मी पाटबंधारे खात्यात आहे. त्यामुळे पाण्याचं मला कळतं असा माझा आणि माझ्या सगळ्या नातेवाइकांचा समज आहे. (मी आस्थापना शाखेत रजेचे अर्ज बघतो. धरण मी सहलीत पाहिलं आहे.) तरी मी गंभीरपणे मान हलवली आणि म्हणालो, “फोड.”

सोमानं जुनं भांडं फोडलं. त्यानंतर आणलेला कमोड तिथं ठेवून पाहिला. त्यानंतर आशानं दार उघडून पाहिलं. दार अर्धं उघडलं, कमोडला धडकलं आणि थांबलं. आमचं दार आत उघडतं. एखादी बाई त्या फटीतून तिरकी होऊन आत शिरली असती, पण मग दार लावायला तिला कमोडवर उभं राहावं लागलं असतं.

“होऊन जाईल,” सोमा म्हणाला. “थोडा सरकवू.”

“सरकव की,” मी म्हणालो. थोडंसं सरकवणं हा माणसानं आजवर केलेला सगळ्यात मोठा उद्योग आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. सोमानं नव्या जागेची फरशी उचकली, चुनामाती काढली, फळी काढली आणि तो वाकून आत बघायला लागला. खाली, जिथून पाइप उतरायचा बरोबर तिथं, एक कडी होती. सागाची, काळीभोर, माझ्या मांडीएवढी.

“कापू इतकीशी,” सोमा म्हणाला.

लाकडाचं काम म्हणून आम्ही गेणू सुतारालाही बोलावलं होतं. गेणू कोपऱ्यात तंबाखू मळत बसला होता, तो ताडकन उठला.

“कडीला हात लावायचा नाय.”

“अरे, खाच मारतो फक्त. पाइपापुरती.”

“आज तू खाच मारशील. उद्या तुझा कमोड वहिनींच्या सैपाकघरात जाऊन बसंल. माणसासकट.”

“तू लाकडाचं बघ, मी पाण्याचं बघतो!”

“तुझं पाणी माझ्या लाकडातूनच जातंय ना?”

दोघांची अशी जुंपली की मी मध्ये पडलो. म्हणालो, “भांडू नका. कड्या कुठे कुठे आहेत त्याचा आधी नकाशा काढू. दोन कड्यांच्या मधे जिथं मोकळी जागा असेल, तिथून पाइप उतरवू. कडी कापायची नाही आणि डोकंही.” दोघांनी माझ्याकडे आदरानं पाहिलं. सरकारी माणूस आहे म्हणाले.

नकाशा काढायला मी खाली वहिनींच्या स्वयंपाकघरात गेलो. कड्या खालूनच दिसतात. चटई टाकली, उताणा झोपलो आणि आढ्याकडे बघत कागदावर रेघा मारायला लागलो. वहिनी भाकऱ्या थापत होत्या.

“भावजी, बरं नाही का वाटत?”

“नकाशा काढतोय वहिनी.”

“झोपून?”

“कड्या वर आहेत ना.”

“बरं. तोंडावर उडालं तर पीठ झटका हं,” असं म्हणून त्यांनी भाकरी उलटली. वहिनींच्या स्वयंपाकघरात एका टोकाला मोरी आहे आणि दुसऱ्या टोकाला देव्हारा. मोरीच्या डोक्यावर मला दोन कड्यांमधली एक सुरेख मोकळी जागा दिसली. मोरीच्या बाजूनं पाइप उतरला की कुणाची काही हरकत नाही. मी तिथं फुली मारली आणि विजयी मुद्रेनं वर आलो.

वर फुलीप्रमाणे जागा मोजली. आधी भोक पाडून खात्री करू म्हणून गेणूनं गिरमिट लावलं आणि फिरवायला सुरुवात केली. मी जिन्यातून ओरडलो, “वहिनी, मोरीपाशी उभ्या राहा. वरून टोक दिसलं की सांगा!”

“राहिले!”

“दिसलं?”

“नाही!”

“आता?”

“नाही हो!”

“गेणू, जोर लाव. आता?”

“मोरीत काही नाही पड... अगं बाई! भावजी! थांबा, थांबा!”

“दिसलं ना?”

“दिसलं! बाळकृष्णाच्या डोक्यावर दिसलं!”

मी धावत खाली गेलो. देव्हाऱ्यातले सगळे देव लाकडाच्या भुश्शानं न्हाऊन निघाले होते. अन्नपूर्णेच्या पळीत चुना. आणि त्या नव्या भोकातून उजेडाची एक तिरीप बरोबर बाळकृष्णाच्या अंगावर पडली होती. देखावा खरं म्हणजे फार सुंदर होता. मी तसं वहिनींना बोललोही. बोलायला नको होतं.

“भावजी,” वहिनी म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज इतका शांत होता की मी मागे सरकलो, “तुम्ही कमोड माझ्या देवाच्या डोक्यावर बसवताय?”

“नाही हो वहिनी, नकाशात तर मोरी...”

आशानं माझ्या हातातून कागद घेतला. एकदा वर पाहिलं, एकदा खाली पाहिलं. ती घरी ब्लाउज शिवते. “अहो,” ती म्हणाली, “तुम्ही खालून वर बघून काढलाय आणि वर जाऊन तसाच खाली अंथरलाय. डावं उजवीकडे गेलं. बाही उलटी बेतली की दोन्ही हात डावेच होतात, तसं केलंत.”

मग सोमा कागद उलटा करून वर गेला, गेणू सुलटा करून खाली आला, दोघांनी हाका मारमारून ताडून पाहिलं, आणि त्यातून निष्पन्न झालं ते असं. मोरीच्या डोक्यावर जी जागा मला मोकळी दिसली होती, ती आमच्या संडासात येतच नव्हती. ती आमच्या झोपायच्या खोलीत, बरोबर माझ्या उशीखाली येत होती. संडासाच्या हद्दीत दोन कड्यांमधली मोकळी जागा अख्ख्या जगात एकच होती, जिथून आता बाळकृष्णाला उजेड मिळत होता.

“देव्हारा थोडासा सरकवला तर...” मी चाचरत म्हणालो.

वहिनींनी भाकरीचा तवा खाली उतरवला. पण आशाकडे पाहून त्या विरघळल्या. आशा जिन्यात बसून पदरानं डोळे टिपत होती. “थांबा,” वहिनी म्हणाल्या, “गुरुजींना विचारते. देव हलवायचे तर रीतसर हलवू.”

संध्याकाळी गुरुजी आले. चष्मा नाकावर घेतला. पंचांगाची पानं उलटली, परत उलटली.

“सिंहस्थ आहे,” ते म्हणाले. “लग्न नाही, मुंज नाही, वास्तू नाही. देवांनाही जागचं हलवू नये. गुरू सिंहेतून पुढे सरकू द्या, मग बघू.”

“म्हणजे कधी?”

“पुढच्या वर्षी.”

“आणि गुरुजी, कमोडचा मुहूर्त?” मी विचारलं. गुरुजींनी चहा अर्धाच ठेवला आणि ते निघून गेले.

म्हणजे स्थिती अशी झाली. कडी कापायची नाही कारण गेणू. देव हलवायचे नाहीत कारण गुरू. जुनं भांडं फुटलेलं. वर संडास नावाची वस्तूच उरली नव्हती. आम्ही दोघं सकाळी बादली घेऊन खालच्या अंगणातल्या संडासासमोर दादांच्या मागे रांगेत उभे राहायला लागलो. दादा तसे कमी बोलतात. बाहेर येताना माझ्याकडे बघून ते फक्त “कमोड काय म्हणतोय?” एवढंच विचारायचे. ते मला जास्त लागायचं.

आणि त्यातच योगेश आला. योगेश हा आशाचा भाऊ, कांदा घेऊन नाशकात येतो. दारातूनच ओरडला, “ताई, आई येतेय! दाजी तुझ्यासाठी घरात खास काम करून घेतायत, तुझ्या गुडघ्यांसाठी, असं सांगितलं मी. तर म्हणाली, जावई माझ्यासाठी घर फोडतात आणि मी नाही जायचं? साधूंच्या मिरवणुकीच्या आधी आणून सोडतो तिला.”

आशानं योगेशच्या गळ्यात पडून हसून घेतलं, रडून घेतलं. नंतर तिनं माझा हात धरला. “अहो, आता मात्र व्हायलाच पाहिजे हं. ती आली आणि अडचण बघून परत गेली, तर परत कधी यायची नाही.” मी आयुष्यात कधी नव्हे इतकं मनापासून “होऊन जाईल” म्हणालो.

युक्ती मात्र मला सुचली, हे मी कुणालाही विसरू देत नाही. ऑफिसात रजेचा अर्ज वाचता वाचता एकदम सुचली. पाइप कड्यांच्या मधून जात नाही, तर कड्यांच्या वरून न्यायचा! फरशीवर एक ओटा करायचा, कमोड ओट्यावर, पाइप ओट्याच्या पोटातून थेट बाहेरच्या भिंतीला. कडी शाबूत, देव सुखी.

“होऊन जाईल,” सोमा आनंदानं म्हणाला. “फक्त पाइपाला ढाळ लागंल, उतार. जेवढा ढाळ, तेवढा ओटा उंच.”

इथं माझ्यातलं पाटबंधारे खातं जागं झालं. “ढाळात कंजुषी करायची नाही,” मी बजावलं. “पाणी कुठेही अडता कामा नये. माझ्या सासूबाई आहेत.” सोमानं एक वीट वाढवली. मी म्हटलं अजून. गेणूनं सागाची चौकट अजून उंच केली. मी म्हटलं अजून. मी रोज ऑफिसातून यायचो, वाकून बघायचो आणि म्हणायचो, असू दे अजून थोडा. पुढे पुढे तर मी येताना दिसलो की सोमा न विचारताच वाढवायचा.

ओटा पुरा झाला तेव्हा त्याला दोन पायऱ्या कराव्या लागल्या. गेणूनं हौसेनं कठडाही लावला. वर पांढरी फरशी, मध्ये पांढराशुभ्र कमोड, वर टाकी, टाकीला साखळी. भांडं कसलं, सिंहासनच! माझी छाती फुगली.

“बसून बघा भाऊ,” सोमा म्हणाला. “ओळखीच्या माणसानं आधी बसावं.”

मी पायऱ्या चढलो, झाकण लावलं आणि कपड्यांसकट बसलो. (वाचकांनी ही गोष्ट कृपया ध्यानात ठेवावी, कारण गल्लीत कुणी ठेवली नाही.) त्या भिंतीला वर, अगदी आढ्याशी, एक खिडकी होती. वाऱ्यासाठी. एरवी तिच्यातून फक्त आभाळ दिसायचं. आता ओट्यावर बसल्यावर ती खिडकी बरोबर माझ्या तोंडासमोर आली. पलीकडे सगळी गल्ली, गल्लीच्या तोंडाशी मोठा रस्ता आणि त्यापलीकडे काळारामाचा कळस. हवा काय छान लागत होती. मी हनुवटीला हात लावला, डोळे अर्धवट मिटले आणि टाकीतून पाणी सोडून ढाळ नीट वाहतोय का याचा आवाज ऐकायला लागलो.

डोळे उघडले तर खाली गल्लीत यात्रेकरूंचा एक जथा उभा होता. उत्तरेकडचा असावा. डोक्यावर बोचकी. सगळे वर माझ्याकडे बघत होते. एका म्हाताऱ्यानं बोचकं खाली ठेवून हात जोडले. “महाराज ध्यान में हैं,” तो बाकीच्यांना म्हणाला. मग सगळ्यांनीच हात जोडले. एका बाईनं कडेवरचं पोर वर धरलं.

काय करणार? नाही म्हणावं तर त्यांची श्रद्धा दुखावते आणि उठावं तर डोकं आढ्याला लागतं. मी हात वर केला आणि आशीर्वाद दिला.

समोरच्या घरातल्या सुलाबाई वाळवण घालायला गच्चीत आल्या होत्या. त्या ओरडल्या, “अहो, महाराज कसले! तो त्यांचा संडास आहे!” पण त्या जथ्याला मराठी येत नव्हतं. त्यांना वाटलं, त्या माझी महती सांगतायत. त्यांनी पुन्हा एकदा नमस्कार केला, एकानं केळ्यांचा घड आमच्या दारात ठेवला आणि जयजयकार करत निघून गेले.

केळी दादांनी खाल्ली. आशा इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि तिनं त्याच दिवशी खिडकीला फुलाफुलांचा पडदा शिवून लावला.

सासूबाई आल्या. योगेशच्या टेम्पोतून, नव्या लुगड्यात, मांडीवर कांद्याचं गाठोडं. माझ्यासमोर त्या नेहमीसारखा डोक्यावरून पदर घेऊन, अर्धं तोंड फिरवून उभ्या राहिल्या. आमच्याकडे सासू-जावयात एकूणच बोलणं बेताचं, त्यात हा विषय! मी आशाला खुणेनं सांगितलं, दाखव. ती त्यांना हात धरून घेऊन गेली. मी जिन्यात कान देऊन उभा राहिलो.

“आई, हे बघ. तुझ्यासाठी केलंय. तुझ्या गुडघ्यांना आराम.”

मग सासूबाईंचा आवाज आला. “माझ्यासाठी? एवढं? आगं, आमच्या पाटलाच्या वाड्यात बी असलं नाय.” आणि मग दोघीही रडायला लागल्या. आता अशा वेळी आशा आणखी काय समजावून सांगणार? ती आईला बिलगली. मीही जिन्यात बसून डोळे पुसले, मला असं काही बघवत नाही.

पुढचे दिवस कसे गेले कळलं नाही. कमोड सासूबाईंसाठी राखून ठेवला होता, आम्ही दोघं बादली घेऊन खालीच जायचो. आशानं आईला गरम पाणी काढून दिलं, पाठ चोळून न्हाऊ घातलं, केस विंचरले. रामकुंडावर जाऊन दोघी ओलेत्या हसत परत आल्या. सासूबाई सगळ्यांच्या आधी उठायच्या आणि खाली वहिनींकडे जायच्या. दोघींचं गूळपीठ जमलं होतं. आम्ही उठायच्या आत वहिनींच्या ओट्यावर चहा व्हायचा.

“काय मग?” मी रोज सकाळी आशाला हळूच विचारायचो. “ठीक चाललंय ना? म्हणजे... ढाळ वगैरे?”

“मी कसं विचारू तिला? पाणी पडल्याचा आवाज आला खरा पहाटे.”

मी धन्य व्हायचो. (टाकी आपली आपणच वाहायची, हे सोमानं नंतर येऊन सांगितलं. वर “होऊन जाईल” म्हणून तो गेला तो अजून यायचाय.)

मिरवणुकीच्या दिवशी तर कहर झाला. आखाड्यांचे हत्ती, घोडे, भाले, निशाणं, सगळं आमच्या गल्लीच्या तोंडावरून रामकुंडाकडे जाणार. रस्त्यावर मुंगीला जागा नाही. गच्चीवर उभं राहावं तर पुढे कडुनिंबाचा शेंडा. तेवढ्यात आतून सासूबाईंची हाक आली, “आशे! विमलाबाई! आगं इकडं या, हितून सगळं दिसतंय!”

आत जाऊन पाहतो तर सासूबाई झाकणावर मांडी घालून बसलेल्या, फुलाफुलांचा पडदा बाजूला सारलेला आणि समोर अख्खी मिरवणूक! वहिनी पायरीवर चढल्या. आशा कठड्याला टेकली. सुलाबाई आपलं घर सोडून आमच्या संडासात येऊन उभ्या राहिल्या. कुणीतरी चिवड्याचा डबा आणला. आशानं आत चहा दिला. हत्ती दिसला की सगळ्या ओरडायच्या, साधू दिसले की सासूबाई बसल्या जागेवरून हात जोडायच्या, आणि खालून दोन साधूंनी वर पाहून त्यांना उलट नमस्कार केला. आशा आईच्या खांद्यावर डोकं ठेवून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर असं सुख होतं की तेवढ्यासाठी मी अजून दोन पायऱ्या बांधल्या असत्या.

मला काही आत जागा मिळाली नाही. मी बाहेर बादली धरून उभा होतो. मला खाली जायचं होतं आणि जिना पाहुण्यांनी भरला होता. पण आनंदात होतो.

निघायचा दिवस आला. टेम्पो दारात उभा. आशाचा चेहरा उतरलेला, पण आई राहिली याचं समाधानही होतं. आणि त्या दिवशी पहिल्यांदा सासूबाई माझ्याकडे तोंड करून, सरळ माझ्याशी बोलल्या.

“जावईबापू, लय केलं तुमी माझ्यासाठी.”

“छे छे, त्यात काय,” मी म्हणालो आणि मागे उभ्या असलेल्या दादांकडे मुद्दाम पाहिलं.

“खरं सांगते. गुडघ्याचं आपलं म्हणायला होतं. माझे गुडघे धडधाकट हायेत. लेकीच्या घरी कसं राहावं, जावई काय म्हणंल, असं वाटायचं. पन माझ्यासाठी तुमी एवढं बांधाय काढलं, मंग म्हटलं आता नाय गेलं तर पाप लागंल. आन काय जागा केली! वर बसायचं, पडदा सारायचा, साधुमहाराज बघायचे. सकाळी कळसाचं दर्शन. वारा तर काय विचारू नका. आता बारा वर्सांनी सिंहस्थाला परत येनार मी, जगले-वाचले तर.”

मी परत एकदा दादांकडे पाहिलं. आशानं माझ्या दंडाला धरलं. वहिनी मात्र का कोण जाणे, तोंडावर पदर धरून भिंतीकडे वळल्या होत्या.

सासूबाईंनी टेम्पोत एक पाय ठेवला, थांबल्या, आणि माझ्या कानाशी येऊन हळू आवाजात म्हणाल्या, “एक सांगू का? राग नका मानू. मला काय, मी पहाटं खाली विमलाबाईंच्याकडं जाऊन यायची, मला सवय हाय. पन माझी लेक रोज बादली घेऊन खाली जाती, ते मला बघवंना. एवढं सगळं बांधलं तुमी, तर वर एक संडास तेवढा करून घ्या.”